अंतर्मुहूर्त आणि मोबाईल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सामायिकाचा किमान काळ दोन घटिकांचा सांगितला आहे. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे सामायिक ४८ मिनिटांचे. यालाच एक मुहूर्त म्हणतात. पाठशाळेत जाणाऱ्या लहान मुलालाही हे गणित पाठ असते. परंतु हा काळ ४८ मिनिटांचाच का, चार-सहा तासांचा का नाही, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अनेक विवेचकांनी त्याचा संबंध तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायातील ध्यानाच्या व्याख्येशी जोडला आहे. आचार्य उमास्वाती, ज्यांना दिगंबर परंपरा उमास्वामी म्हणते, त्या ठिकाणी सांगतात की अनेक विषयांवर भटकणारे चित्त आवरून एकाच विषयावर स्थिर करणे म्हणजे ध्यान. आणि हे सांगताना त्याच सूत्रात ते एक मर्यादाही घालून देतात. उत्तम संहनन, म्हणजे अत्यंत बळकट शरीररचना लाभलेल्या साधकालाही हे स्थैर्य अंतर्मुहूर्तापर्यंतच, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतच टिकविता येते.

या मर्यादेत मानवी मनाविषयीची फार मोठी जाण आहे. एकाग्रता ही कोणाला जन्मतः मिळालेली अक्षय ठेव आहे, असे जैन आचार्यांनी कधी मानले नाही. ती अल्पकाळ टिकते, प्रयत्नाने येते आणि किंचित निमित्ताने मोडते, हे गृहीत धरूनच त्यांनी सामायिकाचे आसन, स्थान, काळ आणि दोष यांचा इतका बारकाईने विचार केला. मनाचे १०, वचनाचे १० आणि कायेचे १२ असे सामायिकाचे ३२ दोष मोजणारी परंपरा मनाच्या चंचलतेबद्दल भाबडी असणे शक्यच नव्हते.

आज ही जाण आठवण्याचे कारण असे की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधिका ग्लोरिया मार्क यांनी अनेक वर्षे माणसे संगणकासमोर काम कशी करतात याचे निरीक्षण केले. २००४ च्या सुमारास एका पडद्यावर लक्ष टिकण्याचा सरासरी काळ अडीच मिनिटांचा होता. २०१२ मध्ये तो सव्वा मिनिटावर आला आणि त्यानंतरच्या वर्षांत ४७ सेकंदांवर स्थिरावला. हे निरीक्षण प्रामुख्याने कार्यालयात काम करणाऱ्या प्रौढांचे आहे, शाळकरी मुलांचे नाही, हे येथे सांगणे आवश्यक आहे. तसेच ४८ मिनिटे आणि ४७ सेकंद या आकड्यांतील जवळीक हा केवळ योगायोग आहे. त्यात कोणी गूढ अर्थ शोधू नये. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर विद्यार्थ्यांपुढे उभ्या असलेल्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. ज्या चित्ताला एक मुहूर्त स्थिर ठेवण्याचा अभ्यास करावयाचा, त्या चित्ताला पाऊण मिनिटाला जागा बदलण्याची सवय जडत चालली आहे.

दहावीचा एखादा विद्यार्थी सायंकाळी ७ वाजता वर्गसमीकरणाचे प्रकरण उघडून बसतो. गृहपाठ कोणता, हे वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेले असते. ते पाहण्यासाठी त्याला मोबाईल हाती घ्यावाच लागतो, आणि यात त्याची काही चूक नसते. गृहपाठाच्या खाली मित्राने पाठविलेली एक चित्रफीत असते. ती संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. ७ वाजून २५ मिनिटांनी तो पुन्हा वहीकडे वळतो. समीकरणाची दुसरी पायरी लिहीत असताना मोबाईल थरथरतो, म्हणून तो पुन्हा उचलला जातो. रात्री १० वाजता आई विचारते तेव्हा "तीन तास अभ्यास केला" असे तो सांगतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खोटेही नसते, कारण तीन तास तो पुस्तकासमोरच बसलेला असतो. बैठक घडते, अभ्यास मात्र घडत नाही. परीक्षेत गुण कमी आले की मुलगा "मेहनत करूनही जमत नाही" असे मनाशी ठरवून टाकतो. मोबाईलमुळे होणाऱ्या हानींपैकी ही सर्वांत खोल म्हणावी लागेल. वेळ गेला तर तो एक वेळ भरून काढता येतो, परंतु स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास गेला तर तो परत मिळविण्यास वर्षे लागतात.

हे असे का घडते, याचा एक उलगडा २००९ साली सोफी लेरॉय या संशोधिकेने केला. एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला, तरी पहिल्या कामात गुंतलेल्या अवधानाचा काही अंश मागेच राहतो. तो अवशेष सोबत घेऊनच दुसरे काम सुरू होते. चित्रफीत बंद करून समीकरणाकडे आलेल्या मुलाचे डोळे वहीवर असतात, मनाचा एक तुकडा मात्र अजून चित्रफितीतच असतो. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात असे नमूद आहे की एकदा विचलित झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा अभ्यासात लक्ष केंद्रित करण्यास २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी मोबाईल उचलणाऱ्या मुलाचे तीन तास कोठे जातात, याचा हिशेब मांडण्यास पेढीवरच्या मुनिमाची गरज नाही.

मोबाईल उचललाही नाही, तरी तो जवळ असणे पुरेसे ठरते काय? टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील एका गटाने २०१७ साली जवळपास ८०० जणांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना मोबाईल टेबलावर पालथा ठेवण्यास सांगितले, काहींना खिशात वा पिशवीत, तर काहींना दुसऱ्या खोलीत. सर्वांचे मोबाईल मुके केलेले होते. स्मरण आणि तर्क यांच्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीत मोबाईल ठेवणारे सर्वांत सरस ठरले, तर टेबलावर ठेवणारे सर्वांत मागे राहिले. पुढे इतरांनी केलेल्या पडताळणीत हा परिणाम काही ठिकाणी आढळला, काही ठिकाणी आढळला नाही. अनेकांत मानणाऱ्या समाजाने तरी एका प्रयोगाला अंतिम सत्य मानू नये. परंतु मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून पाहणे कोणालाही शक्य आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

या विषयावर समाजात प्रवचने पुष्कळ होतात आणि त्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते, ते म्हणजे सप्तव्यसनांत आता मोबाईल हे आठवे व्यसन जोडावे लागेल. टाळ्या मिळतात, पण हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. द्यूत, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी आणि परस्त्री ही सात व्यसने श्रावकाने संपूर्ण सोडावयाची आहेत. त्यांत थोडे ठेवणे आणि थोडे टाकणे नाही. मोबाईलची गोष्ट तशी आहे काय? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा याच समाजातील कित्येक पालकांनी उसनवार करून मुलांच्या हाती मोबाईल दिला, आणि तो दिला म्हणूनच मुलांचे शिक्षण चालू राहिले. आजही प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचे वेळापत्रक, व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती हे सर्व त्याच यंत्रातून येते. वसतिगृहात राहणारा मुलगा रात्री आईशी बोलतो तोही त्यावरच. ज्या वस्तूचा संपूर्ण त्याग शक्य नाही तिला व्यसनांच्या यादीत बसविले, की मुलगा त्या उपदेशाकडे एक अशक्य गोष्ट म्हणून पाहतो आणि बाजूला सारतो. वैद्यकशास्त्रही येथे जपूनच बोलते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या वर्गीकरणात व्हिडिओ खेळांच्या विकाराला स्थान मिळाले आहे. मोबाईलचे व्यसन असा स्वतंत्र विकार मात्र त्यात नाही.

तथापि त्या वक्त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा एक कण आहे, आणि तो आठव्या व्यसनात नसून पहिल्यात आहे. १९५० च्या दशकात बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की ठराविक वेळा टोचा मारल्यावर हमखास दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाल्यावर कबुतर काही काळ थांबते. पण दाणा कधी मिळेल आणि कधी नाही याचा नेम नसेल, तर ते न थांबता टोचे मारीत राहते. द्यूताचे आकर्षण नेमके याच अनिश्चिततेत असते. बोटाने पडदा वर सरकविणारा मुलगा पुढची चित्रफीत कंटाळवाणी निघेल की मजेदार, हे जाणत नाही, आणि म्हणूनच तो थांबत नाही. पूर्वी संकेतस्थळाचे पान संपत असे आणि पान संपले की माणूस क्षणभर तरी विचार करी. २००६ मध्ये एझा रास्किन यांनी न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि तो क्षणही गेला. पुढे स्वतः रास्किन यांनी या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. २००९ मध्ये फेसबुकवर पसंतीचा अंगठा आला. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, तेव्हा अनेक पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले. रिकामी झालेली जागा तीन महिनेही रिकामी राहिली नाही.

या चित्रफितींत असते काय, हे एकदा शांतपणे पाहावे. शास्त्रात प्रमादाचे जे १५ भेद सांगितले आहेत त्यांत चार विकथा आहेत : स्त्रीकथा, भोजनकथा, राष्ट्रकथा आणि राजकथा. रूपाच्या गोष्टी, खाण्याच्या गोष्टी, देशोदेशींच्या गप्पा आणि सत्ताधाऱ्यांच्या भानगडी. दोन हजार वर्षांपूर्वी केलेली ही वर्गवारी कोणत्याही तरुणाच्या मोबाईलवर तासभर लावून पाहिली, तर तिच्याबाहेर राहणारे फार थोडे सापडेल. चौकातील बटाटेवडा कसा तळतात, हे पाहण्यात जैन घरातील मुले किती वेळ घालवितात, याची कल्पना त्यांच्या माता-पित्यांना नसावी. अनर्थदंडव्रताच्या विवेचनातही दुःश्रुती आणि प्रमादचर्या हे दोन प्रकार येतात. पहिल्यात चित्त मलिन करणाऱ्या गोष्टी ऐकणे येते, तर दुसऱ्यात काही प्रयोजन नसता पाणी सांडणे, जमीन उकरणे, झाडाची पाने तोडणे यांसारखी निरर्थक कृती येते. बोटाने पडदा सरकवीत राहण्याचे या दुसऱ्या प्रकाराशी नाते स्पष्ट आहे.

आणि चित्त एकाग्र होत नाही, असे तरी कसे म्हणावे? शास्त्रकारांनी ध्यानाचे चार प्रकार सांगितले, त्यांत आर्त आणि रौद्र हीदेखील ध्यानेच आहेत. मोबाईल हरवला वा काढून घेतला की मुलाचे मन ज्या एका विचाराभोवती फिरू लागते, ते इष्टवियोगाचे आर्तध्यान. कोणी अपमानास्पद प्रतिसाद लिहिला की रात्रभर त्याचाच विचार, हे अनिष्टसंयोगाचे. आपल्या छायाचित्राला किती पसंती मिळेल याची तळमळ निदानाच्या जवळ जाणारी. मान आणि मनगट दुखू लागले की वेदनेचे आर्तध्यानही जोडीला येते. मुलाची एकाग्रतेची शक्ती नष्ट झालेली नाही, ती दुसरीकडे खर्च होत आहे, हा या वर्गीकरणाचा दिलासा देणारा अर्थ आहे. जी शक्ती शिल्लक आहे ती वळविता येते.

ती कशी वळवावी, याचे उत्तर व्यसनत्यागात मिळत नसेल, तर श्रावकाच्या बारा व्रतांत मिळते, आणि तेथे ते आश्चर्य वाटावे इतक्या तपशिलात मिळते. भोगोपभोगपरिमाण व्रतात वस्तूचा त्याग नसून तिच्या वापराचे परिमाण ठरविणे असते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे दोन भाग केले. जो नियम जन्मभरासाठी तो यम, आणि जो ठराविक काळासाठी तो नियम. हा काळ किती असावा, तर आजचा दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहा महिने, असा ज्याला जेवढा झेपेल तेवढा. पंधरा वर्षांच्या मुलाला "मोबाईल सोड" असे सांगणे म्हणजे त्याच्याकडे यम मागणे होय. त्याच्याकडे मागावयाचा तो नियम, आणि तोही एका संध्याकाळचा, एका मुहूर्ताचा.

याहूनही मार्मिक विचार देशव्रताचा आहे. दिशांची मर्यादा आयुष्यभरासाठी घातल्यानंतर, त्यातही काही काळ आणखी लहान मर्यादा घ्यावयाची. आज या घराबाहेर, या गल्लीबाहेर जाणार नाही, अशी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. स्वतः मर्यादेबाहेर जायचे नाही, पण बाहेरची वस्तू मागवून घ्यायची, ते आनयन. दुसऱ्याला पाठवून काम करून घ्यायचे, तो प्रेष्यप्रयोग. मर्यादेच्या आत उभे राहून खाकरून वा आवाज देऊन बाहेरच्याला सूचना द्यायची, तो शब्दानुपात. आपले रूप दाखवून त्याचे लक्ष वेधायचे, तो रूपानुपात. आणि खडा फेकून खूण करायची, तो पुद्गलक्षेप. पाठशाळेत ही नावे पाठ करताना मुलांना हसू येई. नियम घेतलेला श्रावक कुंपणाशी उभा राहून खाकरतो आहे, हे चित्र गंमतीचे वाटे. आता अभ्यासाच्या खोलीचे दार लावून बसलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. त्याचे शरीर खोलीची मर्यादा ओलांडत नाही. पण तो बाहेरून वस्तू मागवितो, आवाज पाठवितो, स्वतःचे रूप दाखवितो, आणि खडा फेकावा तसा एखादा अंगठा वा हसरा चेहरा मित्राच्या दिशेने टाकतो. शरीर मर्यादेत ठेवून मन मर्यादेबाहेर पाठविण्याचे जितके मार्ग त्या काळी कल्पिता येत होते, ते सर्व आचार्यांनी नोंदवून ठेवले, आणि ते सर्व आज एका हातात मावणाऱ्या यंत्रात एकवटले आहेत. म्हणूनच "मुलगा घरातच असतो, बाहेर कोठे जात नाही" या पालकांच्या समाधानाला आता फारसा अर्थ उरलेला नाही. खोलीची मर्यादा मुलाने पाळावयाची असेल, तर मोबाईल त्या मर्यादेबाहेर राहिला पाहिजे. टेक्सासच्या प्रयोगातील दुसरी खोली आणि देशव्रतातील सीमा या दोन्ही गोष्टी शेवटी एकाच उंबरठ्यावर येऊन थांबतात.

हे केवळ ग्रंथातच शक्य आहे, असे कोणी म्हणू नये. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. महामारीनंतर शाळा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा मुले वाचन-लेखनात मागे पडली असून घरी आल्यावर मोबाईल सोडीत नाहीत, असे तेथील शिक्षकांच्या लक्षात आले. ग्रामपंचायतीने ऑगस्ट २०२२ पासून एक प्रघात सुरू केला. रोज सायंकाळी ७ वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद होतात. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा झाल्यावरच ते सुरू करावयाचे. आरंभी लोक हसले. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार फिरून सांगू लागले. दीड तास म्हणजे जवळपास दोन मुहूर्त. कोणाचा मोबाईल जप्त झाला नाही. या उपक्रमाचे बळ ज्या एका गोष्टीत होते, ती म्हणजे भोंगा सर्वांसाठी वाजत होता. मुलगा पुस्तक घेऊन बसला असता शेजारी वडिलांच्या हातात मोबाईल नव्हता आणि स्वयंपाकघरातून मालिकेचा आवाज येत नव्हता.

कायद्याचे मार्गही अन्यत्र चोखाळले गेले आहेत. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांत मोबाईल वापरण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी आली. त्यांचे परिणाम यथाकाल दिसतील. घरातील संध्याकाळ मात्र कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही.

आणि या संध्याकाळीच जैन घरांची परीक्षा आहे. २०२४ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हा आकडा वाचून मुलांना बोल लावणे सोपे आहे. पण असेच सर्वेक्षण ५० ते ७० वयोगटातील श्रावकांचे केले, तर काय दिसेल? पहाटे अभिषेकाचे चित्रीकरण करण्यासाठी उंचावलेले हात, प्रवचन चालू असताना मांडीवर उजळणारे पडदे, आणि स्वतः न ऐकता चाळीस जणांना पुढे पाठविलेली मुनिश्रींची ध्वनिफीत. सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर बंद करणारी कित्येक घरे आहेत. त्या नियमाचे तेज आजही मुलांना जाणवते, कारण तो नियम आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण पाळतात. त्याच घरात रात्री १ वाजता तीन खोल्यांत तीन पडदे उजळलेले असतील, तर मुलाने त्यातून काय शिकावे? रात्रीभोजनत्याग टिकला तो उपदेशामुळे टिकला नाही; संध्याकाळी ताट वाढणारे कोणी नव्हते, म्हणून टिकला.

पंडित सुखलालजींची दृष्टी वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात गेली. त्यानंतर त्यांनी काशीला जाऊन दर्शनशास्त्रांचे अध्ययन केले, ते सर्व दुसऱ्याच्या वाचनावर कान ठेवून. पंडित बेचरदास दोशींसह त्यांनी सिद्ध केलेली सन्मतितर्काची आवृत्ती पाहिली, तर ऐकलेले एक अक्षरही न निसटू देण्याची ती शिस्त किती कठोर असेल, याची कल्पना येते. सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवीत असताना १९३५ मध्ये प्रवचनसाराची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. हस्तलिखितांतील पाठ ओळीओळीने ताडून पाहण्याचे ते काम आहे, आणि ४७ सेकंदांच्या चित्ताने ते होणारे नाही. आजच्या विद्यार्थ्याने पाठभेद लावावेत असे नाही. पण दहावीची प्रश्नपत्रिका असो वा वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, तिचे तीन तास त्याला मोबाईलवाचून एका जागी बसावे लागते. कित्येक विद्यार्थ्यांच्या बाबतीत वर्षभरात मोबाईलपासून जागेपणी सलग तीन तास दूर राहण्याचा तो पहिलाच प्रसंग असतो, आणि तो नेमका परीक्षेच्या दिवशी येतो.

तेव्हा व्यवहारात काय करता येईल? पाठशाळेत सामायिकाचा पाठ शिकविताना ती ४८ मिनिटे चित्ताची तालीम म्हणूनही समजावून द्यावीत. स्मृत्यनुपस्थान, म्हणजे आपण काय करीत आहोत याचेच विस्मरण, हा सामायिकाचा अतिचार मुलांना आज पूर्वीपेक्षा लवकर कळेल, कारण तो ती रोज अनुभवतात. आरंभी १० मिनिटे साधली तरी पुरे. मन पळाले की ते पळाले हे ओळखून परत आणणे, हाच त्या तालमीतला मुख्य व्यायाम आहे, आणि समीकरण सोडविताना उपयोगी पडतो तोही हाच. समाजाच्या वसतिगृहांत व अभ्यासिकांत दाराबाहेर क्रमांक घातलेले खण असावेत. किल्ली विद्यार्थ्याकडेच राहू द्यावी, कारण हिसकावून घेतलेला मोबाईल आर्तध्यान वाढवितो, तर स्वतः ठेवलेला मोबाईल नियमात जमा होतो. एका मुहूर्तानंतर दहा मिनिटे विश्रांती, त्या वेळी ज्याला हवा त्याने पाहावा, आईचा फोन आला असेल तर बोलावे, आणि पुन्हा दुसरा मुहूर्त. गृहपाठ दुपारीच वहीत उतरवून घेतला, तर संध्याकाळी मोबाईल उघडण्याचे निम्मे निमित्त संपते. शिक्षकांनीही रात्री ९ नंतर गटावर सूचना न पाठविण्याचे पथ्य पाळावे.

काही मुलांची अवस्था मात्र याच्या पलीकडे गेलेली असते. झोप, जेवण, शाळा सुटते; मोबाईल मागितला की हात उचलला जातो; मित्र आणि खेळ संपतात. अशा मुलाला नियम द्यावयाचा नाही आणि प्रवचनही ऐकवावयाचे नाही. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशाच रुग्णांसाठी स्वतंत्र उपचार केंद्र चालते. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे वेळेवर नेले, तर तेथवर जाण्याची वेळ बहुधा येत नाही. ताप आल्यावर डॉक्टरांकडे जाण्यात कोणाला संकोच वाटत नाही, येथेही तो वाटू नये.

राहिला प्रश्न नियम मोडण्याचा. तो मोडणारच. चार दिवस खण वापरला जाईल आणि पाचव्या दिवशी क्रिकेटचा सामना असेल. श्रावकाचारात अतिचाराला जागा ठेवली आहे ती याचसाठी. अतिचार घडला म्हणून व्रत संपत नाही. त्याची आलोचना करून ते पुन्हा सुरू होते. मुलाने "आज मोडला" असे येऊन सांगितले, तर त्याला रागावू नये, दुसऱ्या दिवशीचा नियम द्यावा. चातुर्मासाच्या आरंभी घरोघरी नियम घेतले जातात. कोणी हिरव्या भाज्या सोडतो, कोणी एकाशन करतो. त्या वेळी घरातील सर्वांनी मिळून रोज सायंकाळचा एक मुहूर्त ठरवावा आणि देवघराजवळच्या फडताळात एक कप्पा त्यासाठी मोकळा करावा. पहिला मोबाईल त्यात आजोबांनी ठेवावा, मग वडिलांनी, मग आईने. मुलाचा कोठे आहे, हे त्या वेळी कोणी विचारू नये.